बारा हाका

"हात वर असले ना, की कोणी काही मागत नाय."

हे वाक्य ताई दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. दुपारी चारच्या सुमाराला त्या खुर्चीतून उठत, खिडकीशी जात, दोन्ही हात डोक्यावर नेत आणि तसेच धरून उभ्या राहत. व्यायाम म्हणावा तर हालचाल काही नाही. दोनेक मिनिटांनी हात खाली, चष्मा नाकावर, पुन्हा कामाला सुरुवात. नव्याने आलेल्यांना वाटायचं, बाईंच्या मानेला काहीतरी झालंय. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ऑफिसात प्रत्येकाची एक खोड असते, चार दिवस तिचं हसू येतं आणि मग ती कोणाला दिसेनाशी होते.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. गिरणी गेली, आवार राहिलं. आम्ही मोबाईलवरचे गेम बनवतो. गिरगावातल्या आमच्या घरात तीन पिढ्यांनी कचेऱ्यांत खर्डेघाशी केली, आणि चौथ्या पिढीतला मी बेचाळिसाव्या वर्षी माकडाने किती उंच उडी मारावी यावर बैठका घेतो. संध्याकाळी घरी गेल्यावर मी दमलो म्हटलं तर वडील विचारतात, "खेळून कसला दमतोस?"  पण दमतो, हे खरं आहे.

ताई आमच्याकडे टेस्टर होत्या. गेम लोकांच्या हाती जाण्याआधी तो शेकडो वेळा खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधून लिहायच्या, हे टेस्टरचं काम. वय पन्नाशीच्या पुढे. कंपनी पूर्वी परदेशातले कसले कसले फॉर्म टाइप करून द्यायची, तेव्हापासून त्या होत्या. फॉर्म बंद झाले, गेम सुरू झाले, साहेब बदलले, बाकीच्या टाइप करणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. ताईंना कोणी जा म्हटलं नाही आणि त्या गेल्या नाहीत. कोणीतरी त्यांच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, हे खेळा आणि काय बिघडतं ते लिहा.

त्या लिहायच्या मात्र मन लावून. आधी वहीत, मराठीत, मग कॉम्प्युटरवर. ती वही मी कितीदा नुसती करमणूक म्हणून वाचलेली आहे. "राजा विहिरीत बुडतो, मुकुट वर तरंगत राहतो. एकतर मुकुट बुडवा नाहीतर राजाला वाचवा." "माकड मेल्यावर पण शेपटी हलते. बघवत नाही." "तिसऱ्या पायरीवरची भाजीवाली सुट्टे पैसे नसताना पण हसते. असं कुठे असतं?" प्रोग्रामर आधी चिडायचे, मग मुकाट्याने दुरुस्त करायचे, कारण ताईंची नोंद कधी चुकीची निघाली नाही. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं नाही, असं सबंध नोकरीत झालं नसावं, असं मी तेव्हा कोणालाही सांगितलं असतं.

मला त्या आधी सर म्हणायच्या. मी म्हटलं, सर नको. तर म्हणाल्या, "मग गिरगावकर म्हणते. आडनावापेक्षा बरं. आपल्यात आडनाव विचारलं की पुढचं बरंच काही विचारून होतं."  त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. तेव्हापासून मी गिरगावकर झालो आणि आमचं जमलं.

त्या राहायच्या करी रोडच्या बाजूच्या एका चाळीत, चालत यायच्या. घरी नवरा आणि सासूबाई. वडील ह्याच आवारातल्या गिरणीत साच्यावर होते. आमची पँट्री आहे तिथे त्यांचं खातं होतं असं त्यांनी एकदा सांगितलं, तेही चहाचा कप विसळता विसळता. पुढे काही नाही. जुन्या आठवणींचे उमाळे काढणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. उमाळे काढायला जो निवांतपणा लागतो तो त्यांना मिळाल्याचं मी पाहिलं नाही.

गेमची एकच पायरी, म्हणजे लेव्हल, दिवसात दोन-तीनशे वेळा खेळायची, म्हणजे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. बहुतेक गेममध्ये वर कोपऱ्यात घड्याळ असतं. ते पळतं, लाल होतं, टिकटिकतं. संध्याकाळपर्यंत ताईंचा उजवा अंगठा आपोआप उडायला लागायचा. त्या त्याला डब्यातल्या झाकणात आणलेलं खोबरेल चोळत. "घरी कुकरची शिट्टी, इथं हे," एवढंच म्हणत.

एकदा साहेबांनी फर्मान काढलं. आमचे साहेब वयाने माझ्याहून लहान, शिक्षणाने मोठे आणि सदा घाईत. घरकामावरचे गेम सध्या फार चालतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेव्हा प्रत्येकाने घरातलं एक काम निवडायचं आणि त्यावर गेमची कल्पना मांडायची. आता आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या मंडळींनी घरात कधी काडी इकडची तिकडे केलेली नाही. पण कल्पनांना तोटा नव्हता. कोणी भांडी घासण्याची मांडली, कोणी कांदा चिरण्याची, एकाने तर झुरळं मारण्याची, तीही बंदुकीने.

ताईंचा नंबर शेवटचा. त्यांनी पडद्यावर काही दाखवलं नाही. कोपऱ्यातून लादी पुसायचा दांडा घेतला, पँट्रीतला ओला नॅपकिन त्याच्या टोकावर टाकला, टाचा उंचावल्या आणि छताखालून गेलेल्या एसीच्या पाइपवर तो नॅपकिन अलगद सोडला. मग दांड्याच्या टोकाने एक बाजू ओढून दोन्ही कडा सारख्या केल्या. पाण्याचा एक थेंब साहेबांच्या लॅपटॉपवर पडला.

"कपडे वाळत घालायचे," ताई म्हणाल्या. "चाळीत दोरी वर असते, छताला. काठीनं घालावे लागतात."

"छान आहे," साहेब लॅपटॉप पुसत म्हणाले. "पण जिंकायचं कसं?"

"जिंकायचं नाय. कपडे वाळतात."

"मग हरायचं कसं?"

ताईंनी थोडा विचार केला. "हरायचं बाकी सगळीकडे असतंच की."

लोक हसले. साहेबही हसले. "पण ताई, मग कोणी का खेळेल?"

"कारण तेवढा वेळ हाक कोणी मारत नाय," त्या म्हणाल्या. आणि मग, सभेत बोलायची सवय नसलेलं माणूस एकदा बोलायला लागलं की थांबत नाही, तसं त्यांनी सगळंच सांगून टाकलं. काठीवर ओली साडी असते तेव्हा तिचं वजन मनगटात उतरतं, नजर वर असते, हात गुंतलेले असतात. अशा बाईला कोणी चहा टाक म्हणत नाही, कोणी चष्मा कुठे आहे विचारत नाही. विचारायला जवळ आलं तर अंगावर पाणी ठिबकतं. दिवसभरात तेवढी वीस मिनिटं तिची असतात. "तो गेम करा. घड्याळ नको. कोणाला पळवू नका. एवढंच माझं म्हणणं आहे."

का कोण जाणे, साहेबांना ते आवडलं. किंवा त्यांना दुसरीकडे जायची घाई असेल. काम माझ्याकडे आलं.

एका रविवारी सकाळी मी आणि आमच्याकडे चित्रं काढणारी मुलगी ताईंच्या घरी गेलो, दोरी आणि काठी बघायला. खोली एकच, मोरी आतच. दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली पलंगावर सासूबाई. वर छताखाली दोन दोऱ्या, मधोमध पंखा. काठी दाराआड उभी, वापरून गुळगुळीत झालेली, टोकाला छोटी खाच. मी उत्साहाने एक चादर घालायला गेलो. ती थेट माझ्या डोक्यावर आली, आणि सासूबाई पलंगावर पाय आखडून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग ताईंनी काठी घेतली. तुम्ही खरंच बघायला हवं होतं. आधी मोठे कपडे, मागच्या दोरीला. मग टॉवेल. आतले कपडे सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्यावरून परकर असा पसरायचा की दारातून येणाऱ्याला काही दिसू नये, पण खालून वारा लागावा. हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. बरोबरची मुलगी मात्र मान हलवत भराभर चित्र काढत होती, तिला ठाऊक असावं. आणि मी दुसरंच बघत होतो. नवरा चष्मा शोधत होता. ताईंकडे एकदा त्याने पाहिलं, तोंड उघडलं, वर काठीकडे पाहिलं, आणि स्वतःच उशीखाली चाचपायला लागला. सासूबाईंना पाणी हवं होतं, त्या थांबल्या.

"काठी घेतली की बहिरी होते ती," सासूबाई मला म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. "माझं पण तेच होतं हो. काठी माझीच आहे ती."

गेम तयार व्हायला लागला. बोट पडद्यावर दाबून धरलं की काठी वर, सोडलं की खाली. कपडा भिजलेला असेल तेवढा जड. ताई रोज चुका काढत होत्या, पण अशा आनंदाने मी त्यांना वही भरताना पाहिलं नव्हतं. एकदा पायरी होती बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवसाची, घरातल्या सगळ्यांचे पांढरे कपडे. चित्रांत कोणीतरी पांढऱ्या साडीशेजारी लाल टॉवेल टांगला होता. ताईंची नोंद: "लाल टॉवेलचं पाणी साडीला लागणार. गुलाबी साडी नेसून विहारात जाऊ काय?" टॉवेल हलवला गेला.

घड्याळ नव्हतं. आवाज दोनच, पंखा आणि बादलीत ठिबकणारं पाणी. गेम पहिल्यांदा पुरा झाला त्या दुपारी ताई तो सलग अर्धा तास खेळल्या. वही बंद होती. मी विचारलं, काही चूक? त्यांनी मान हलवली, वर पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत ह्या बाईचे खांदे कानांपासून खाली आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मग साहेबांनी तो पाहिला. फार तर मिनिटभर. "झोप येते," ते म्हणाले. "लोक सोडून जातील. आणि जाहिरात कुठे टाकायची? थांबवू या हे."  ताई टेबलाच्या टोकाला बैठकीची टिपणं घेत होत्या. त्यांचं पेन थांबलेलं मला दिसलं.

इथून पुढचं माझं कर्तृत्व आहे, तेव्हा मीच सांगतो. मला गेम वाचवायचा होता. खरंच तेवढंच मनात होतं. मी म्हटलं, "घड्याळ घालू या, आणि हाका. ती कपडे घालतेय आणि मागून हाका येतायत. बोट उचलून ओ दिली तर कपडा घसरतो, नाही दिली तर घड्याळ आणखी जोरात पळतं." आणि साहेबांना पटावं म्हणून मी खुर्चीत मागे रेलून नक्कल केली, "अगंऽऽ, चहाऽऽ!" खोलीत हशा पिकला. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "हा गेम आहे! ओ दिली की जाहिरात!" घोडं गंगेत न्हालं.

सगळे गेल्यावर ताई टिपणांचे कागद सारखे करत होत्या.

"गिरगावकर," त्या म्हणाल्या, "तिथं पण हाक मारलीत?"

"नाहीतर बंदच करत होते ना ताई. गेम वाचला."

"हो," त्या म्हणाल्या. "गेम वाचला."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या संध्याकाळी घरी जाईपर्यंत आणि नंतरही स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही मी दुसऱ्या दिवशी हाकांची यादी करायला बसलो.

हाका आम्ही ऑफिसातच रेकॉर्ड केल्या. पँट्रीचं दार लावून एकेकाला आत बोलावलं. चहा, चष्मा, टॉवेल, दार वाजतंय, फोन वाजतोय, माझा मोजा, दूध उतू जातंय. एकाही पुरुषाला हाक कशी मारायची ते शिकवावं लागलं नाही. सगळ्यांच्या हाका पहिल्याच खेपेला उत्तम. पाचवी हाक माझी आहे. एकूण बारा झाल्या, आणि आम्ही थांबलो. प्रोग्रामरने विचारलंही, बारा पुरतील का? मी म्हटलं, "बारा हाकांपर्यंत ओ न देता कोण थांबतंय?" आमच्यातल्या कोणाच्या घरात असं कधी झालेलं नव्हतं. मग त्यानेही तेच धरून पुढचं काम केलं.

ताईंनी हा गेमही तपासला, नेहमीसारखाच. दिवसात दोन-तीनशे वेळा, कानात आमच्या सगळ्यांच्या हाका. नोंदी नेहमीसारख्याच चोख. "सासूचा आवाज पुरुषाचा आहे." "दूध उतू जातं म्हणतात, पण ओरडणारा गॅसपाशीच उभा दिसतो. त्यानेच बंद करावा." त्यांचे खांदे परत जागेवर गेले होते. फक्त चारच्या सुमाराला त्या आता खिडकीशी हात वर करून उभ्या राहत नव्हत्या. फोन घेऊन खिडकीकडे तोंड करून बसत, अंगठा पडद्यावर दाबलेला. साहेबांनी एकदा सगळ्यांदेखत त्यांचं उदाहरण दिलं. "चार वाजता तुम्ही चहाला जाता, ताई बघा, काम करतायत."

गेम बाजारात गेला आणि बरा चालला. त्याच सुमारास सासूबाई मोरीत पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या उठल्या नाहीत. ताईंनी आधी रजा घेतली, मग वाढवली, मग राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी केक कापला, समोसे आले, साहेब चार शब्द बोलून पाचव्याला निघून गेले. ताईंनी मला त्यांची वही दिली. "नोंदी सगळ्या आहेत," म्हणाल्या. "राहिलेल्या तेवढ्या बघून घ्या." पिशवीत डबा टाकला आणि त्या चालत गेल्या.

मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा बोलणं जमलंच नाही, मागून हाक आली आणि त्यांनी "ठेवते हां" म्हणून ठेवला. दुसऱ्यांदा थोडं बोलल्या. सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. हॉस्पिटलातला असतो तसा पलंग आणलाय, तो दुसरीकडे कुठे बसेना, दोरीखालीच आला.

"मग कपडे?" मी विचारलं.

"दोरी काढली. म्हातारीच्या तोंडावर पाणी ठिबकायचं. आता बाहेर गॅलरीत स्टँड आहे, हे घालतात कपडे." मागून कोणीतरी हाक मारली. "चला गिरगावकर, बोलावतायत."

एका रविवारी दुपारी मी घरी आरामखुर्चीत पडून तो गेम उघडला. का उघडला ते सांगता येणार नाही, आपलाच गेम घरी खेळणाऱ्या माणसाला आमच्या धंद्यात वेडा समजतात. अंगठा पडद्यावर ठेवला, काठी वर गेली, ओली साडी वजनाने झुलली. पहिली हाक आली. दुसरी, तिसरी. मला ओ द्यायचाही कंटाळा आला होता. पाचवीला माझाच आवाज आला आणि तो ऐकून मी अंगठा तसाच ठेवला. आवाज वाढत गेले, घड्याळ पळत, लाल होत राहिलं. नववी, दहावी. बारावी हाक झाली.

आणि पुढे काही आलं नाही. तेरावी हाक रेकॉर्डच केलेली नव्हती. घड्याळ हाकांना बांधलेलं होतं, तेही थांबलं आणि पडद्यावरून गेलं. जाहिरातही आली नाही. राहिला तो पंखा, आणि बादलीत थेंब. साडी काठीवर, काठी हातात. कपडा दोरीवर टाकला की पुढचा कपडा येतो आणि हाका पुन्हा सुरू होतात. नाही टाकला, नुसता धरून उभं राहिलं, तर काहीच होत नाही. मी किती वेळ तसा होतो कोण जाणे. बायको बाहेर येऊन म्हणाली, "झोपलास का?"

सोमवारी मी ताईंची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सगळं होतं, हे नव्हतं. मग ऑफिसातल्या त्यांच्या फोनचा इतिहास काढला, कधी, कोणती पायरी, किती वेळ खेळली ते त्यात राहतं. रजेवर जाण्याआधीच्या आठवड्यांत रोज चार वाजता एक खेळ. बोट एकदाही उचललेलं नाही. वीस मिनिटं, कधी बावीस. वाळत घातलेले कपडे शून्य. आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे चहा पीत असताना ताई तिथे, दोरीखाली, काठी धरून उभ्या होत्या, आणि हे त्यांनी आम्हाला लिहून कळवलं नव्हतं.  मी पँट्रीत जाऊन तोंड धुतलं.

पण अशी गोष्ट फार काळ लपत नाही. परवा साहेबांनी बोलावलं. त्यांच्यासमोर एक तक्ता होता. काही लोक गेम उघडतात, बराच वेळ उघडा ठेवतात, एकही कपडा वाळत घालत नाहीत आणि एकही जाहिरात बघत नाहीत. "कुठेतरी बग आहे," ते म्हणाले. "शोधा आणि ह्या आठवड्यात बंद करा."

मी तो तक्ता घेऊन जागेवर आलो. मला वाटलं होतं एकच ओळ असेल, परळची, दुपारची. मी तीच शोधत होतो. पण ओळी खाली खाली जातच राहिल्या. परळच्या होत्या, लालबागच्या होत्या, भांडुप, नाशिक, सोलापूर, मी नावही न ऐकलेली गावं होती. कोणी दुपारी, कोणी भल्या पहाटे. कोणी सात मिनिटं, कोणी चाळीस. प्रत्येकीने आमच्या बाराच्या बारा हाका ऐकून घेतल्या होत्या आणि एकीलाही ओ दिलेली नव्हती. परळच्याच इतक्या होत्या की त्यातल्या ताई कोणत्या, किंवा त्या त्यांत आहेत तरी का, हे मला कळायला मार्ग नव्हता.

फोन करून विचारता आलं असतं. मी नंबर काढलाही. मग घड्याळ बघितलं, चार वाजून गेले होते. आत्ता फोन केला तर तो वाजेल, त्यांच्या हातातच वाजेल, आणि अंगठा उचलावा लागेल. बारा हाका त्यांनी सोसल्या असतील आणि तेरावी माझी. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

मग साहेबांनी ह्या बगबद्दल पाठवलेल्या नोंदीवर उत्तर लिहायला घेतलं. बग कुठे आहे ते मला माहीत होतं. एक ओळ बदलायची, दहा मिनिटांचं काम. प्रोग्रामर समोरच बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी लिहिलं, "बराच वेळ थांबून पाहिलं. असं काही होत नाही." आणि नोंद बंद केली.